सासर नसलेली सासू

पाथरीहून येणाऱ्या एस.टी.तून भागम्मा डोहटाकळीच्या फाट्यावर उतरली, की पुरुषमंडळी कौतुकानं पुढं यायची आणि बायका आपापल्या सुनांना घेऊन मागं सरकायच्या. यात भागम्माचा दोष एवढाच, की ती आपलं काम फार चोख करायची. सिनेमात तिनं सुनांना उपाशी ठेवलं होतं, चुलीतल्या लाकडाचे चटके दिले होते, ऐन दिवाळीत घराबाहेर काढलं होतं आणि एकीला तर बासुंदीतून वीख घातलं होतं. हे सगळं पडद्यावरचं असतं हे डोहटाकळीच्या बायकांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण कळणं वेगळं आणि आपली नवी सून तिच्या शेजारी नेऊन बसवणं वेगळं.

बासुंदीचा तो सिनेमा जत्रेत टुरिंग टॉकीजच्या तंबूत लागला, तेव्हा तर कहर झाला. भागम्मानं पडद्यावर साखरेत पुडी मिसळली आणि कस्तुराबाई प्रेक्षकांतून उठली. गावातल्या बायकांत कस्तुराबाईचा शब्द चालायचा. तिनं पायातली चप्पल काढली आणि नेम धरून भागम्माच्या गालावर मारली. पडद्याला भोक पडलं. तंबूवाल्यानं ते शेवटपर्यंत शिवलं नाही, उलट पुढच्या गावांत तो ते अभिमानानं दाखवायचा. इकडं गावात भागम्माचे वडील लिंगराजअप्पा यांच्या किराणा दुकानातून महिनाभर कुणी साखर नेली नाही. अप्पा कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून गिऱ्हाइकांची वाट बघत बसायचे. भागम्मा घरी आली तेव्हा ते हसून म्हणाले, "अगं, पुढच्या बारीला वीख मिठात घाल. साखर पडून ऱ्हायली की मुंग्या लागत्यात."

आणि गंमत अशी, की साऱ्या मुलखात गाजलेल्या या खाष्ट सासूला स्वतःला सासर कधी नव्हतंच. नाटकात गेलेली पोरगी करून घ्यायला कुणी पुढं आलं नाही. भागम्मानंही त्याचा फार शोक केला नाही. नागपंचमी आली, की मात्र तिला ते टोचायचं. पंचमीला लेकी सासरहून माहेरी येतात. जिला सासर नाही ती माहेरी येणार तरी कुठून, असं गावाचं साधं गणित होतं, आणि त्या गणितात भागम्मा बसत नव्हती.

तिच्या नाटकाची सुरुवात गावाच्या चिंचबनात झाली. ओढ्याच्या काठानं तेवीस चिंचा उभ्या होत्या, दोघींच्या कवेत न मावणाऱ्या. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, गावात पहिल्यांदा गणपतीचा मेळा बसत होता आणि तालमी त्या चिंचांखाली चालायच्या. मुलींना तिथं मज्जाव होता. म्हणून भागम्मा आणि भीमनगरातली सुला, तेव्हा त्या वस्तीला ते नाव नव्हतं, अशा दोघी आधीच फांदीवर चढून बसायच्या आणि पाला खात सगळं पाठ करायच्या. राणीचं काम व्यंकटराव करायचे. ऐन खेळाच्या दिवशी व्यंकटरावांना गालगुंड झालं. राणीचा चेहरा भोपळ्याएवढा झालेला बघून सगळे हवालदिल झाले, आणि तेवढ्यात वरून राणीची वाक्यं ऐकू यायला लागली. भागम्मा म्हणत होती आणि ती अडखळली की सुला पुढचा शब्द देत होती. त्या संध्याकाळी भागम्मा राणी झाली. व्यंकटरावांनी गालाला फडकं बांधून तिला लुगडं नेसवून दिलं. पुढंही पदर कसा सावरायचा ते त्यांनीच शिकवलं. बाईचं चालणं मला एका पुरुषानं शिकवलं, असं भागम्मा मोठी झाल्यावर कौतुकानं सांगायची.

मग परभणीची नाटक कंपनी आली, पुण्याचं बोलावणं आलं, सिनेमा आला. नायिकेसाठी तिचा आवाज जाड ठरला आणि भुवया जरा जास्तच बोलक्या. तिसाव्या वर्षी तिनं पहिल्यांदा सासू केली आणि नंतर तिला कुणी दुसरं काही करू दिलं नाही. तिला ते आवडायचंही. नायिका रडून दमायच्या, ही मात्र दिवसभर सुनांना छळून संध्याकाळी त्यांच्याबरोबर भेळ खायची.

अप्पा गेले, आई गेली, दुकान बंद पडलं. तरी भागम्मा दर श्रावणात चार दिवस बंद घर उघडायला यायची. सत्त्याऐंशी साली सरपंच दिनकररावांनी तिचा जंगी सत्कार केला. हार घालून घेतल्यावर भागम्मा भाषणाला उभी राहिली आणि भरात येऊन म्हणाली, "मी साऱ्या महाराष्ट्रात रंगमंचावर उभी ऱ्हायले, पण माज्या गावाला एक पक्का रंगमंच न्हाई. तेवढा झाला तर मी डोळे मिटायला मोकळी."

टाळ्या पडल्या. दिनकररावांनी ते मनावर घेतलं. आपल्याकडचे पुढारी ऐकत नाहीत अशी सगळ्यांची तक्रार असते. हा ऐकणारा निघाला, आणि तिथंच घोटाळा झाला.

पुढच्या श्रावणात, पंचमीच्या दोन दिवस आधी, भागम्मा उतरली ती आधी चिंचबनाकडं गेली. प्रत्येक बुंध्यावर चुन्याची फुली होती. ती तशीच सरपंचांच्या घरी गेली.

"दिनकरराव, त्या फुल्या कशाच्या?"

"तुमच्या रंगमंचाच्या," दिनकरराव खुशीत म्हणाले. "मनलं, पंचमीला तुमी येणारच, तवाच सांगावं. गुत्तेदाराला चिंचा देऊन टाकल्या. लाकूड वीटभट्टीला जायलंय. परवा पंचमी, त्या दिवशी गावात काय कापायचं, चिरायचं न्हाई, म्हणून तेरवा सकाळी माणसं येतील. त्या पैशात तुमचा रंगमंच उभा ऱ्हातोय. आन हे बघा."

त्यांनी माळवदाच्या खोलीतून सागाची फळी आणली. पाथरीच्या पेंटरनं निळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भागम्मा लिंगराजअप्पा रंगमंच'. अप्पांच्या नावाखाली छोटंसं बेलाचं पान काढलं होतं.

खोटं कशाला बोलायचं, भागम्माला ती पाटी फार आवडली. पुण्यात तिचं नाव पडद्यावर यायचं ते शेवटच्या ओळीत, प्रेक्षक उठून चपला शोधत असायचे तेव्हा. इथं ते गावाच्या मधोमध झळकणार होतं. क्षणभर तिला पक्क्या रंगमंचाचा मखमली पडदासुद्धा दिसला. मग त्या पडद्यामागं तिला चिंचा दिसेनात.

"मला रंगमंच नको, दिनकरराव. चिंचा ऱ्हाऊ द्या."

"असं कसं बोलायलात? मागितला तुमी, ठराव झाला, इसार घेतला. आता काऊन माघार?"

दिनकररावांचा आवाज दुखावलेला होता. एवढ्या प्रेमानं केलेल्या माणसाशी भांडायचं कसं हे भागम्माला कुठल्याच सिनेमानं शिकवलं नव्हतं.

घरी ओट्यावर बसून तिनं विचार केला. डोहटाकळीत पंचमीची एक जुनी रीत होती. प्रत्येक लेकीचा झोका चिंचबनात बांधायचा. बांधायचा गावानं, पण सोडायचा त्या लेकीनंच, सासरी परत जाताना. दुसऱ्या कुणी झोक्याला हात लावला तर त्या लेकीचं माहेर तुटतं. तेवीस चिंचांवर तेवीस झोके असले, तर तेरवा कुणाची कुऱ्हाड चालणार होती? सोळा चिंचांची काळजी नव्हती, गावात तेवढ्या लेकी येणारच होत्या; एक चिंच कुणाच्याच वाट्याची नव्हती, तिचं ऐनवेळी बघता आलं असतं. प्रश्न ओढ्याकडच्या सहा चिंचांचा होता. त्या भीमनगरच्या लेकींच्या. दहा वर्षं तिथं कुणी झोका बांधला नव्हता.

भागम्मा सुलाबाईकडं गेली. फांदीवरची सुला आता नातवंडांची आजी झाली होती. तिनं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, "वारुळाची पूजा आमी कवाच सोडली. झोका तेवढा ठिवला होता, लेकरासाठी. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आन लोकं पिसाळली. पंचमीला माजी कमल झोक्यावर होती, नवीन लगीन झाल्यालं. तिचा दोर कापला, भागम्मा. पंचमीला भाजी चिरत न्हाई हे गाव, आन माज्या लेकीचा दोर कापला. तवापासून कमल पंचमीला येत न्हाई. दिवाळीला येती, पंचमीला न्हाई."

भागम्मा त्या वर्षी पुण्यात होती. तिनं पेपरात बरंच वाचलं होतं. हे वाचलं नव्हतं, असलं पेपरात येत नाही. ती मैत्रिणीजवळ बसून रडली, अगदी खरं, आणि सिनेमातल्यापेक्षा बरंच वाईट दिसत.

"चिंचा वाचाव्या असं मला बी वाटतंय," सुलाबाई म्हणाली. "पण ज्यानं तोडला त्यानं बांधला तर कमलला सांगावा धाडीन. न्हाई तर न्हाई."

तोडणारा कोण हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कस्तुराबाईचा मुलगा, सूर्यभान.

कस्तुराबाईनं दार उघडलं ते अर्धंच, आणि आधी सुनेला आत पिटाळलं. "काय पायजे?"

"कस्तुरामावशी, तुमी मला भर तंबूत चप्पल मारली," भागम्मा उंबऱ्याबाहेर बसत म्हणाली, "मी कधी एक शब्द बोलले न्हाई. आज तिची भरपाई मागायला आले."

मग तिनं सगळं सांगितलं. कमलच्या दोरापाशी आल्यावर कस्तुराबाईनं दार पूर्ण उघडलं आणि स्वतःच उंबऱ्यावर टेकली. 

"त्यानं दोर कापला त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं," ती म्हणाली. "हे माजं चुकलं. तू पडद्यावर खोटं वीख घातलंस तर मी उठले, आन घरात खरं घडलं तर बसून ऱ्हायले."

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई स्वतः पुढं आणि खांद्यावर नाडा, म्हणजे झोक्याचा जाड दोर, घेतलेला सूर्यभान मागं, असे दोघं भीमनगरात गेले. चाळिशीचा दांडगा गडी, पण मान वर होत नव्हती. सुलाबाईनं त्याला बसा म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. "नुसतं बांधून जमायचं न्हाई," ती म्हणाली, "कमल बसली की पैला झोका तूच द्यायचा, भावावानी." सूर्यभाननं होकार दिला. एका नाड्यानं दहा वर्षांचं सगळं बांधलं जातं असं नाही, सुलाबाईलाही तसं वाटत नव्हतं. पण कमल सेलूच्या बाजूला दिलेली होती, आणि सांगावा पोचायला वेळ लागला नाही.

पंचमीला चिंचबनात जे झालं त्याला तोड नव्हती. हातावर मेंदी, अंगात नव्या चोळ्या, तोंडात लाह्या अशा लेकी बाविसाच्या बावीस झोक्यांवर. ओढ्याकडच्या एका चिंचेवर कमल, आणि तिच्या मागोमाग आलेल्या भीमनगरच्या पाच जणी शेजारच्या पाचांवर. सूर्यभाननं दिलेला पहिला झोका इतका भीतभीत होता, की कमलच म्हणाली, "जरा जोरानं दे ना, दादा, आता काय मोडत न्हाई." भागम्मानं मधोमध बाज टाकली, पदर खोचला, भुवई वर केली आणि आपल्या जाड आवाजात सगळ्यांची सासू झाली. "कोण गं ती, पुरणाची दिंडं गिळून वर लटकायली? भांडी कोण घासायचं?" क्षणभर सगळ्या चरकल्या. मग सरपंचांची लेक मनकर्णा झोक्यावरून ओरडली, "तुमीच घासा, आत्याबाई, माजे हात मेंदीचे हायेत." झालं. मग प्रत्येकीनं जे घरच्या सासूला कधी म्हणता आलं नव्हतं ते भागम्माला म्हणून घेतलं, गाण्यात गुंफून, वर जाताना अर्धं आणि खाली येताना अर्धं. खऱ्या सासवा कडेला बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. म्हातारे व्यंकटराव काठी टेकत आले आणि भागम्माचा पदर अजून डावीकडं घसरतो असं सांगून गेले.

तेविसावी चिंच राहिली होती. जिच्या फांदीवरून राणीची वाक्यं पडली होती तीच. कुणाच्याच लेकीच्या वाट्याला ती आली नव्हती. दिवस कलायला लागला तशी कस्तुराबाई उठली, सूर्यभानला हाक मारली आणि त्या चिंचेवर नाडा चढवायला लावला.

"हा कुणाचा?" भागम्मानं विचारलं.

"तुजा," कस्तुराबाई म्हणाली. "लिंगराजअप्पाची लेक न्हाईस का तू या गावची?"

भागम्माच्या भुवया, ज्यांनी इतक्या सुनांना गार केलं होतं, त्या कशाही वाकड्यातिकड्या झाल्या. ती झोक्यावर बसली. ज्या बाईनं चप्पल मारली होती तिनंच मागून हात लावला. झोका वर गेला तेव्हा भागम्माला पलीकडची चिंच दिसली आणि तिच्याखाली सुलाबाई, दात पडलेल्या तोंडानं हसणारी.

ठरल्याप्रमाणे पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुत्तेदार करवती आणि माणसं घेऊन आला. तेवीस झोक्यांवर तेवीस जणी. त्यानं सरपंचांना बोलावून आणलं. दिनकररावांनी चिंचबन नीट पाहिलं, आपली मनकर्णा पाहिली आणि हसले. माणूस हुशार होता.

"बसू द्या," ते गुत्तेदाराला म्हणाले. "लेकी काय जन्मभर माहेरी ऱ्हात्यात का? सासरी जाताना आपला झोका आपणच सोडतील. तुमी तवा या."

बायकांनी झोके थांबवले. रीत रीतच होती. लेकी जाणार, झोके सुटणार आणि करवत येणार. भागम्मा आपल्या झोक्यावर पाय टेकवून बसली. सासरी जाताना, हे शब्द तिच्या कानात फिरत राहिले. आयुष्यभर तेच शब्द तिला टोचत आले होते. आज ती त्यांच्याकडं पहिल्यांदाच नीट बघत होती, आणि बघता बघता तिला हसू फुटलं. तिनं मनकर्णाला जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं.

मनकर्णा दोन दिवसांनी निघाली. न्यायला दीर आला होता, जीप उभी होती, निरोपाला दिनकरराव चिंचबनापर्यंत आले होते. मनकर्णानं आपल्या झोक्याचा दोर हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, माजा झोका मी भागम्माआत्याला देला. आता त्यो तिचा. ती सासरी जाताना सोडील."

दिनकररावांना डाव कळला. मग कमलनं आपला झोका दिला, मग बाकीच्यांनी, ज्या त्या आपापल्या जायच्या वेळी. शेवटी चिंचबनात तेवीस रिकामे झोके वाऱ्यावर हलत होते आणि त्या सगळ्यांची मालकीण एकच होती, जिला सासर नव्हतं.

दिनकररावांनी एक शेवटचा प्रयत्न केला. "तुमाला कोल्हापूरला जायचं हाय मनत होता ना, शूटिंगला?"

"शूटिंग म्हंजे काय सासर न्हवं, दिनकरराव," भागम्मा म्हणाली.

त्यावर ते मांडीवर थाप मारून इतके हसले, की टोपी पडली. गुत्तेदाराला इसार परत गेला. रंगमंच काही झाला नाही.

भागम्मानं त्या वर्षीचं शूटिंग पुरं केलं आणि मग ती गावातच राहिली. पुढच्या वर्षांत तिला बोलावणी यायला लागली, पण वेगळीच. चारठाण्याकडून बायका आल्या, देवगाव फाट्याला रस्त्याकडेची झाडं निघणार म्हणून कुणी आलं. तिच्या मेकअपच्या पेटीत आता रंगांच्या शेजारी झोक्याचा नाडा असायचा. बाजाराच्या दिवशी ती चौकात उभी राहायची आणि उन्हाळा नावाची सासू करून दाखवायची. झाड नसलेल्या गावाला ही सासू कसं छळते, पाण्याला किती लांब पिटाळते, सरपणासाठी कुठं कुठं हिंडवते, डोक्यावर सावलीचा पदरसुद्धा कसा ठेवत नाही. लोक हसायचे आणि हसता हसता वर झाडांकडं बघायचे. काही ठिकाणी झाडं वाचली, काही ठिकाणी नाही. जिथं झाडं गेली तिथं ती रोपं लावायला सांगून परत यायची, आणि पुढच्या वर्षी तपासायलाही जायची, सासूसारखीच.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा भीमनगरात साखर वाटली. सुलाबाईनं ती कस्तुराबाईच्या हातावरही ठेवली. कस्तुराबाईनं भागम्माकडं तिरकं बघून विचारलं, "हिनं काय मिसळलं न्हाई ना?" आणि सगळी चिमूट तोंडात टाकली.

त्याच साली पंचमीच्या आदल्या दिवशी दिनकरराव काखेत काहीतरी घेऊन चिंचबनात आले. ती निळी पाटी होती. रंगमंच नाही तर निदान नाव तरी झाडावर लावावं, असं त्यांच्या मनात होतं. खिळाही आणला होता.

"माज्या झाडाला खिळा?" भागम्माची भुवई वर गेली. दिनकररावांनी खिळा खिशात टाकला.

मग तिनं फळी हातात घेतली, वजन बघितलं आणि आपल्या झोक्याच्या दोन नाड्यांत आडवी बसवली, नाव खालच्या बाजूला. बसायला झकास झाली. सुलाबाईनं मागून हात लावला. खाली उभ्या असलेल्या पोरीबाळींना, झोका उंच गेला की, पिवळ्या अक्षरांत लिंगराजअप्पांचं नाव आणि बेलाचं पान दिसायचं. गावातल्या बाकी लेकी पंचमी झाली की दर वर्षी आपापले झोके भागम्माच्या नावावर करून जायच्या. भागम्मानं मात्र एकही कधी सोडला नाही, कारण झोका सोडायचा तो सासरी जाताना, आणि तिला माहेर सोडून कुठंच जायचं नव्हतं.